गिझरमधला क्षार आणि मनातली भीती

थंडी पडू लागली की गिझर दुरुस्त करणाऱ्यांना उसंत मिळत नाही. उन्हाळाभर स्वस्थ बसलेला गिझर आता पाणी नीट तापवत नाही, आतून कडकड आवाज काढतो, नाहीतर थेट बंदच पडतो. मेकॅनिक झाकण उघडून कॉइल बाहेर काढतो तेव्हा ती ओळखू येत नाही, इतका पांढरट, खडबडीत थर तिच्यावर चढलेला असतो. तो पाहून घरातल्या कुणाच्या तरी तोंडून हमखास एक वाक्य निघते, 'आणि हेच पाणी आपण रोज पितो!'

या एका वाक्यातून पुढे बरेच काही घडते. आरओ विकणारा घरी येतो, सोसायटीच्या बैठकीत सॉफ्टनरचा विषय निघतो, आणि सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पोट धरून आलेला माणूस आम्हाला विचारतो, 'साहेब, बोअरच्या पाण्यानंच खडा झाला ना?' जे गिझरचे झाले तेच आपल्या मूत्रपिंडाचे होणार, असे त्याने गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक चुकीचे आहे. यंत्राला जे पाणी बाधते ते माणसाला बाधतेच असे नाही, आणि यंत्राला जे पाणी मानवते ते माणसाला मानवतेच असेही नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तर पैसा वाचतो, पाणी वाचते आणि क्वचित प्रसंगी जीवही वाचतो.

थर येतो कुठून?

ज्याला शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन' म्हटले जायचे आणि घराघरांत 'जड' म्हणतात, ते पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त प्रमाणात विरघळलेले पाणी. (अणुभट्टीतले जड पाणी ही निराळीच गोष्ट आहे.) महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपताना त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेते. बोअर जितकी खोल आणि पाणी जितके जुने, तितका क्षार साधारणपणे जास्त. म्हणून सह्याद्रीतल्या धरणांतून नळाला येणारे पाणी तुलनेने हलके असते, आणि त्याच शहराच्या कडेला टँकर व बोअरवर जगणाऱ्या वसाहतीत साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही.

जड आणि खारे यांतही फरक आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात पाण्याला खारट चव असते, कारण तिथे सोडियम आणि क्लोराइडही जास्त आहेत. तो प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. इथे आपण जड पाण्यापुरते बोलू.

पाण्याचा जडपणा एका लिटरमधल्या मिलिग्रॅममध्ये मोजतात. साधारणपणे १२० च्या वर गेले की पाणी जड आणि १८० च्या वर फार जड मानतात. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो.

आता कॉइलवरच्या थराकडे वळू. थंड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट निमूटपणे विरघळून असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या जातीचा पदार्थ. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात; हा मात्र कमी विरघळतो. म्हणून तो नेमका सर्वांत गरम जागी, कॉइलवर जाऊन बसतो. तापमान ६० अंशांच्या वर गेले की हा वेग चांगलाच वाढतो. तांब्याच्या मानाने हा थर उष्णता शंभराहून अधिक पटींनी कमी वाहून नेतो. कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते.

यंत्रे कशी जपावीत?

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गिझरचे बटण खाली आणणे. ७० अंशांपर्यंत पाणी उकळत ठेवून त्यात बादलीभर थंड ओतण्यापेक्षा ५० ते ५५ अंशांवर ठेवावे. थर कमी बसतो, वीज वाचते, आणि लहान मुले व वृद्ध भाजण्याचा धोकाही घटतो. जड पाण्याच्या भागात वर्षातून एकदा टाकी रिकामी करून कॉइल साफ करून घ्यावी. त्याच वेळी मेकॅनिकला दोन गोष्टी आवर्जून पाहायला सांगाव्यात. पहिली, आतला मॅग्नेशियमचा रॉड. हा स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो संपला की टाकीची पाळी येते. दुसरी, सेफ्टी व्हॉल्व्ह. तो क्षाराने जाम झाला तर आतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि टाकी फुटू शकते. सोलर बसवायचा असेल आणि पाणी जड असेल, तर थेट नळ्यांतून पाणी फिरवणारा प्रकार न घेता हीट एक्स्चेंजरचा प्रकार मागावा.

वॉशिंग मशीनमध्ये रोजचे कपडे थंड पाण्यात किंवा फार तर ४० अंशांवर धुवावेत. जड पाण्यात डिटर्जंट थोडे जास्त लागते, त्याचे प्रमाण पाकिटावर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेले असते. नळ आणि मशीन यांच्यामध्ये पॉलिफॉस्फेटच्या खड्यांचा छोटा फिल्टर लावता येतो. तो क्षार काढून टाकत नाही, पण त्याला चिकटून बसू देत नाही. खडे विरघळून संपतात, म्हणून ते बदलावे लागतात, आणि हा फिल्टर पिण्याच्या नळाला लावू नये. वाफेच्या इस्त्रीत आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. भांडी धुण्याच्या यंत्रात त्याचे खास मीठ टाकावे, स्वयंपाकाचे नव्हे. नळाला चुंबक लावून पाणी 'हलके' करण्याचा दावा करणाऱ्यांना एवढेच विचारावे, की आधी आणि नंतर तपासले तर पाण्यातला कॅल्शियम कमी झालेला दिसतो का? तो दिसत नाही.

किटलीसाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व, पुरेसे आहे. लिटरभर पाण्यात दोन चमचे घालून ते कोमट करावे, वायर काढून अर्धा तास ठेवावे, ओतून द्यावे आणि दोन-तीनदा साध्या पाण्याने खळबळून घ्यावे. नळाच्या जाळीला आणि शॉवरला व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले तरी थर सुटतो.

विदर्भ-मराठवाड्यात ज्याची सर्वाधिक हेळसांड होते ते यंत्र म्हणजे कूलर. त्यात पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. आपण वरून पाणी ओतत राहतो, म्हणजे टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिकच जड होत जाते. पॅडवर पांढरी खपली धरते ती यामुळेच. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी केली तर पॅड टिकतात, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची टाकीच्या कडेला चिकटलेली अंडीही निघून जातात. एका कामात यंत्र आणि माणूस दोघांचेही भले होण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

यंत्र वाचवताना माणूस जाऊ नये

क्षारामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेच, तर त्याचे कारण बहुधा पिण्याचे पाणी नसते. तो क्षार काढण्याचे आपले उद्योग असतात.

फरशी आणि संडास साफ करायला सुटे मिळणारे ॲसिड हे हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते थर झटकन काढते हे खरे, पण त्याबरोबर धातूही खाते. म्हणून गिझर, किटली, मशीन यांत ते कधीही ओतू नये. त्याहून मोठा धोका म्हणजे ॲसिडनंतर लगेच ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण टाकणे. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात डोळे चुरचुरणे, खोकल्याची उबळ, छाती आवळणे असे काहीही झाले तर सगळे सोडून उघड्या हवेत यावे. थोड्या वेळाने बरे वाटले तरी रुग्णालयात दाखवावे, कारण फुप्फुसांना सूज काही तासांनंतरही येऊ शकते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाबरोबरही ब्लीच मिसळू नये.

ॲसिड अंगावर उडाले तर १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, सोडा काहीही लावू नये. आणि ॲसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. तहानलेले मूल किंवा अंधारात चाचपडणारे आजोबा ती बाटली तोंडाला लावतात आणि अन्ननलिका भाजते. असे झाले तर उलटी करवू नये, कारण जाताना भाजलेली नळी येताना पुन्हा भाजते. तोंड धुवावे आणि ती बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका विजेचा. थराखाली तापून तापून कॉइलच्या आवरणाला तडा गेला की वीज पाण्यात उतरते. गिझरला अर्थिंग आणि घराच्या मुख्य बोर्डावर ईएलसीबी असायलाच हवे. गिझरच्या पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर तो त्याच क्षणी बंद करावा. बादलीत टाकायच्या हीटर रॉडवर थर चढला असेल तर तो बदलावा. स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नये, आणि लोखंडी किंवा स्टीलची बादली वापरू नये.

शरीर म्हणजे गिझर नव्हे

मग हेच पाणी पोटात गेल्यावर काय होते? आपल्या आतड्यात कॉइल नाही आणि तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. शिवाय शरीर पाण्यातला किंवा अन्नातला सगळा कॅल्शियम घेत नाही. गरज असेल तेवढा शोषून घेते, बाकीचा शौचावाटे जातो, आणि रक्तातले प्रमाण जराही हलू नये यासाठी ग्रंथी, हाडे आणि मूत्रपिंडे अखंड काम करत असतात. ही राखण किती महत्त्वाची आहे ते डायलिसिसमध्ये दिसते. तिथे एका वेळी सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहते आणि आतडे मध्ये नसते. त्या पाण्यात जडपणा राहिला तर मळमळ, उलट्या, डोकेदुखी, रक्तदाब वाढणे अशी लक्षणे येतात. त्यामुळे डायलिसिस विभागात पाणी हलके आणि शुद्ध करणारी यंत्रणा अत्यावश्यक असते. तोंडावाटे पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाची गोष्ट तशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. मॅग्नेशियम सल्फेट बरेच असलेले पाणी नव्याने पिणाऱ्याचे पोट काही दिवस ढिले राहू शकते, एवढेच.

मुतखड्याचे काय? बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून 'कॅल्शियम बंद' असा सोपा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात उलटे दिसले आहे. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत, आहारात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांना खडे कमी झाले होते. आहारातला कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतो आणि त्याला लघवीपर्यंत जाऊ देत नाही, हे त्याचे एक कारण. जड पाण्याने खडे होतात असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. पाणी कमी पिण्याने मात्र होतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात, एकदा खडा होऊन गेलेल्या ज्या रुग्णांनी भरपूर पाणी प्यायले त्यांच्यापैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. इतरांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होते. उन्हात राबणाऱ्या माणसाने 'पाणी जड आहे' म्हणून कमी पिणे हा खड्याला आवतण देण्याचा प्रकार आहे. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

उलट थोडा हिशेब मांडला तर जड पाण्याची जमेची बाजूही दिसते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेले अडीच लिटर पाणी त्यातला चौथा हिस्सा पुरवते. ज्या घरात दूध चहापुरतेच येते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

त्वचा कोरडी पडते, केस राठ होतात, ही तक्रार मात्र खरी आहे. साबण आणि क्षार मिळून जो चिकट साका तयार होतो तो अंगावर राहतो. साबण कमी वापरावा, नीट धुवावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे. एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवून इंग्लंडमध्ये २०११ साली एक चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने अधिक फायदा झाला नाही.

सॉफ्टनर आणि आरओ

सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या बदल्यात सोडियम देतो. ४०० जडपणाचे पाणी पूर्ण हलके केले तर लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतो. तीन लिटर पाण्यात हे साडेपाचशेच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावा. म्हणजे एक घासही न खाता पाव हिस्सा पाण्यातूनच संपला. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला आम्ही लोणचे-पापड सोडायला सांगतो, आणि त्याच्या इमारतीच्या टाकीत मिठाच्या गोणी रिकाम्या होत असतात! सॉफ्टनर बसवायचा तर तो न्हाणीघर, गिझर आणि मशीनच्या पाण्यासाठी. स्वयंपाकघरातला एक नळ त्याच्या आधीच्या मूळ पाण्याच्या वाहिनीवर ठेवायला हवा.

आरओची विक्री बहुतेकदा टीडीएसच्या आकड्यावर होते. तो आकडा विरघळलेल्या सर्व क्षारांचा असतो. त्यात जंतू दिसत नाहीत, नायट्रेट किंवा फ्लोराइड वेगळे कळत नाहीत. काही विक्रेते दोन सळ्यांचे यंत्र पाण्यात बुडवतात आणि पाणी तपकिरी गढूळ झालेले दाखवतात. ती घाण पाण्यातली नसते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडाची सळई विरघळते, तो तिचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारेपणा मर्यादेबाहेर असेल तर आरओ जरूर घ्यावा. नसेल तर एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडण्याला, विशेषतः दुष्काळी तालुक्यात, काही अर्थ नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरू देऊ नये असे सांगितले ते यासाठीच. आरओ असेलच तर बाहेर पडणारे पाणी फरशी-संडासाला वापरावे. ते अधिक जड असते, कूलरमध्ये टाकू नये.

जड पण सुरक्षित पाणी उकळले तर वर साय धरते, तळाला पांढरे कण बसतात. ते खडूसारखे निरुपद्रवी असतात, फडक्याने गाळावेत. या कणांना घाबरून उकळणे सोडले तर कावीळ आणि जुलाबाला दार उघडते.

खरी काळजी ज्यांची करायला हवी ते पदार्थ थर धरत नाहीत. फ्लोराइड कॉइलवर दिसत नाही, पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत त्याने दात आणि हाडे खराब केली आहेत. खतांतून आणि सांडपाण्यातून झिरपणाऱ्या नायट्रेटला चव नसते, आणि ते वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. त्याला ४५ मिलिग्रॅमच्या पुढे मानकात सूट नाही. आपण दिसणाऱ्या क्षाराला भितो आणि न दिसणाऱ्या विषाची चौकशीही करत नाही.

म्हणून यंत्र विकत घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. जिल्हा प्रयोगशाळांत आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी तपासणी संच देऊन महिलांना ते वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तो संच ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल तर तो बाहेर काढायला लावणे हे गावकऱ्यांचे काम. जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू हे चार निकाल वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. शहरांत ते पाणीपट्टीच्या बिलावर छापायला महापालिकांना फारसा खर्च येणार नाही. टँकरच्या पाण्यालाही हाच नियम हवा. आणि सॉफ्टनर बसवणाऱ्या इमारतीत स्वयंपाकघरासाठी वेगळा नळ असल्याशिवाय परवानगी मिळू नये.

हे होईपर्यंत आपल्या हातात एवढे आहे: गिझरचे बटण खाली आणावे, ॲसिडची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कूलर रविवारी रिकामा करावा आणि पाण्याचा एक नमुना प्रयोगशाळेत नेऊन द्यावा. त्याचा निकाल हाती आल्यावरच पिण्याच्या पाण्यासाठी खिशात हात घालावा.